बायोलॉजीच्या वहीतले दोन रकाने

शाळेत असताना माझी आणि बायोलॉजीची मैत्री नव्हती, खरं सांगायचं तर वैरच होतं. गणितात निदान एक सुटलं की पुढचं सुटायचं, इथे मात्र प्रत्येक धड्यात तीस-चाळीस नवी नावं, ती पाठ होईपर्यंत पुढचा धडा आलेलाच असायचा आणि त्यात आणखी चाळीस. आकृती काढा, नावे द्या, फरक स्पष्ट करा. मी फरक स्पष्ट करायचे, पण कशाकशातला फरक करतेय ते मलाच स्पष्ट नसायचं 😅

आता इतक्या वर्षांनी भाचीमुळे तेच पुस्तक परत हातात आलं. ती म्हणाली, "मावशी, तुला येत नसलं तरी चालेल, तू नुसती बाजूला बस." म्हणून बसले. आणि दोन-तीन महिन्यांत असं झालं की ती झोपली तरी मी वाचत बसलेय. तर हे सगळं कुठेतरी लिहून ठेवावं म्हणून ही पोस्ट, जरा लांबेल.

सुरुवात कांद्याच्या पापुद्र्यापासून, कारण सगळ्यांचीच तिथून होते. आमच्याकडे एक साधा मायक्रोस्कोप आहे. पहिल्या स्लाइडवर आम्हाला सुरेख गोल दिसले, कडेला जाड काळी किनार, भाची खूश, वही काढून काढायलाच लागली. मी म्हटलं थांब, हे मी ओळखते! कारण शाळेत मी हेच गोल काढून खाली "पेशी" असं लिहिलं होतं आणि बाईंनी लाल पेनने शेरा मारला होता, "हे हवेचे बुडबुडे आहेत." अख्ख्या वर्गासमोर वही फिरली होती. असो. आच्छादन काच सपकन टाकली की बुडबुडे येतात, ती एका कडेने टेकवून हळूहळू खाली सोडायची असते, हे ज्ञान मला त्या लाल शेऱ्याने दिलं.

दुसऱ्या स्लाइडला विटांच्या भिंतीसारख्या ओळी दिसल्या. जांभळ्या सालीचा पापुद्रा घेतला होता म्हणून प्रत्येक विटेत फिकट जांभळं पाणी भरलेलं. मग पुस्तकात सांगितलं होतं तसं काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला आणि दुसऱ्या कडेला टिपकागदाचा तुकडा लावला, म्हणजे कागद इकडून पाणी ओढतो आणि मिठाचं पाणी तिकडून आत सरकतं. मिनीटभर काहीच नाही. मग एका विटेच्या कोपऱ्यात जांभळा रंग भिंतीपासून किंचित सुटला, मग दुसऱ्या कोपऱ्यात, आणि बघता बघता सगळ्या विटांमधला रंग आक्रसून मधोमध गोळा झाला, भोवती नुसती मोकळी जागा. भाची डोळा न काढता म्हणाली, "मावशी, भिंत तशीच आहे गं, आतलं बिऱ्हाड आक्रसलंय." नंतर साधं पाणी सोडलं तर बिऱ्हाड फुगून परत भिंतीला टेकलं. सगळं नाही, काही पेशी गेल्याच, पण बरंचसं.

याला परासरण म्हणतात आणि त्याची व्याख्या मी शाळेत किमान पन्नास वेळा लिहिली असेल. पण भिंत वेगळी आणि तिच्या आतलं पातळ पटल वेगळं, पाणी त्या पटलातून ये-जा करतं पण मिठाला तसा सहज प्रवेश नाही, म्हणून बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी बाहेर जातं, हे मला त्या दिवशी समजलं. त्या पटलाची जाडी साधारण ७-८ नॅनोमीटर. म्हणजे अशी दहा हजार एकावर एक रचली तर कुठे एका केसाएवढी जाडी होईल.

गंमत म्हणजे रॉबर्ट हुकने १६६५ साली बुचाच्या कापात जे बघून "सेल" हे नाव दिलं त्या रिकाम्या खोल्या होत्या. बुचातलं बिऱ्हाड कधीच गेलेलं, उरल्या होत्या फक्त भिंती. आणि नाव भिंतींवरून पडलं! जिवंतपणा ज्या पटलात आहे ते त्याला दिसलंच नव्हतं.

त्या रात्री भाचीने वहीच्या मागच्या पानावर एक रकाना आखला आणि वर लिहिलं "दार". म्हणजे आत काय घ्यायचं, बाहेर काय सोडायचं, कोणाला उंबऱ्यावरच थांबवायचं, अशी जी जी गोष्ट सापडेल ती या रकान्यात. मला वाटलं चार-पाच गोष्टी भरतील. अर्धं पुस्तक भरलं.

किडनीच घ्या. मला आपलं वाटायचं की किडनी रक्तातली घाण शोधून काढते. तसं नाहीच. ती रक्तातला पातळ भाग जवळजवळ सगळ्या बारीक मालासकट आधी गाळून बाहेर काढते, दिवसाला सुमारे १८० लिटर, आणि मग त्यातलं हवं ते परत आत घेते, ग्लुकोज, क्षार, बहुतेक सगळं पाणी. उरतं ते लिटर-दीड लिटर. आपल्या रक्तात पातळ भाग असतोच मुळी तीन लिटरच्या आसपास, म्हणजे तेच ते दिवसातून साठेक वेळा गाळलं जातं. कपाट आवरताना आपण करतो ना, सगळं आधी पलंगावर ओतायचं आणि लागेल तेवढंच परत ठेवायचं, तसं. आणि या पद्धतीचा फायदा असा की नको असलेल्या वस्तूंची यादी पाठ असायची गरजच नाही, हव्या असलेल्यांची ओळख असली की झालं. नवीन कुठलंही औषध शरीरात आलं तरी ते यादीत नाही म्हणून बरेचदा आपोआप बाहेर. हे कळल्यावर मी दोन दिवस भेटेल त्याला किडनीबद्दल सांगत होते, घरचे वैतागले.

फुफ्फुसं पण दारच. तीस ते पन्नास कोटी बारीक फुगे, उघडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर, आणि हे सगळं कशासाठी तर पातळ पटल जास्तीत जास्त मिळावं म्हणून. भाचीने विचारलं की मग एकच मोठी पेशी का नाही, कशाला इतक्या बारीक बारीक. याचं उत्तर हिशोबात आहे. एक सेंटिमीटरचा ठोकळा घ्या, पृष्ठभाग ६, घनफळ १. दहा सेंटिमीटरचा घ्या, पृष्ठभाग ६००, घनफळ १०००. म्हणजे आतली माणसं हजारपट झाली आणि दारं शंभरपटच. आतल्यांना खायला पोचणार कसं? म्हणून पेशी मोठी होत बसत नाही, दोन होते. आतड्यातल्या त्या बोटांसारख्या घड्या, माशाचे कल्ले, मुळांवरचे केस, सगळ्यांची एकच तक्रार आहे, दारं कमी पडतायत. हा एक ठोकळ्याचा हिशोब पहिल्याच दिवशी शिकवला तर पुढच्या निम्म्या आकृत्यांची "रचना व कार्य" वाली उत्तरं मुलं स्वतःच लिहितील असं माझं मत आहे.

मज्जातंतूचा धडा मी शाळेत ऑप्शनला टाकलेला. आता वाचला तर तिथेही दारवानच बसलेला. पेशीच्या पटलात एक पंप असतो, तो दर खेपेला तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, त्यामुळे (आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपत राहतो त्यामुळे) आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण राहते. ७० मिलिव्होल्ट म्हणजे अगदीच किरकोळ वाटतं, पण ते ७ नॅनोमीटरच्या पटलावर आहे, भागाकार करून बघा, मीटरला एक कोटी व्होल्ट! मी तीनदा शून्यं मोजली. निरोप पाठवायचा म्हणजे काय, तर सोडियमची दारं क्षणभर उघडायची, तो आत घुसतो, शेजारची दारं त्या धक्क्याने उघडतात, असं पुढे पुढे.

आणि मग तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया. "पेशीचे ऊर्जाकेंद्र", हे दोन शब्द प्रत्येकाला पाठ आहेत, बायोलॉजीतलं बाकी सगळं विसरलेल्यालाही. पण ऊर्जा होते कशी ते विचारा. तिथेही आतल्या पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन ढकलून दाटीवाटीने भरायचे आणि परत यायला एकच अरुंद वाट ठेवायची, त्या वाटेवर एक फिरणारं यंत्र, प्रोटॉन त्यातून आत येताना ते फिरतं आणि एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तयार होतो. धरणाच्या पाण्यावर टर्बाइन फिरतं तसंच. पीटर मिशेलने १९६१ साली हे मांडलं तेव्हा बऱ्याच जणांना पटलं नव्हतं, १९७८ ला त्यालाच नोबेल. आता गोष्ट अशी की एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी असं भाचीच्या नोट्समध्ये होतं, माझ्याही पुस्तकात तेच होतं, पण आता मोजमाप ३० ते ३२ च्या आसपास धरतात. कारण? काही प्रोटॉन पटलातून असेच झिरपतात आणि काही मालवाहतुकीवर खर्च होतात. म्हणजे दार गळतं! भाचीने विचारलं मग पेपरात काय लिहू. मी म्हटलं बाई, पेपरात नोट्समध्ये आहे तेच लिही, खरं काय ते वहीच्या मागच्या पानावर.

प्रकाशसंश्लेषणावर आमचं भांडण झालं. मी विचारलं, एवढ्या मोठ्या झाडाचं लाकूड येतं कुठून? ती म्हणाली मातीतून. मोठ्या मोठ्या माणसांना विचारा, दहातले निम्मे तरी हेच सांगतील, मीही सांगितलं असतं. व्हॅन हेलमाँट नावाच्या माणसाने कुंडीत साधारण ९० किलो माती तोलून भरली, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं साधारण ७७ किलोचं आणि माती कमी झाली ती ५०-६० ग्रॅम. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ ला छापला गेला. प्रयोग एक नंबर, निष्कर्ष अर्धा, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशोबातच नव्हता. झाड मुख्यतः हवेतून आलेल्या कार्बनचं असतं. तो येतो पानाखालच्या पर्णरंध्रातून (बारीक छिद्रांतून), म्हणजे परत एकदा दारातून, आणि ते दार उघडं ठेवलं की पाणी निसटतं आणि बंद केलं की कार्बन येत नाही, असा झाडाचा दिवसभराचा पेच. आणि झाड जो ऑक्सिजन सोडतं तो कार्बन डायऑक्साइडमधला नसून पाण्यातला असतो, हे १९४१ मध्ये जड ऑक्सिजन (ऑक्सिजनच, फक्त त्याचे अणू थोडे जास्त वजनाचे) वापरून दाखवलं गेलं. (आणि हो, झाडं रात्रीच नाही तर दिवसाही श्वसन करतात. हे "खरे की खोटे" मध्ये हमखास चुकतं.)

इथवर सगळं दाराच्या रकान्यात बसलं. मग आनुवंशिकता आली आणि रकाना संपला. तेव्हा भाचीने दुसरा आखला, "नक्कल".

एका पेशीतला डीएनए ताणून सरळ केला तर दोन मीटरच्या आसपास भरतो आणि तो काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात घडी करून ठेवलेला असतो. सुमारे ६४० कोटी अक्षरं, निम्मी आईकडची आणि निम्मी वडिलांकडची. अ‍ॅडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन, म्हणून एक बाजू माहीत असली की दुसरी लिहिता येते, नक्कल करायची सगळी सोय त्या रचनेतच आहे. १९५३ साली वॉटसन आणि क्रिकने ही रचना मांडली, तिच्यामागे रोझलिंड फ्रँकलिनच्या प्रयोगशाळेतलं १९५२ चं एक्स-रे छायाचित्र होतं, १९६२ चं नोबेल मिळालं तोवर ती जाऊन चार वर्षं झाली होती. भाचीच्या पुस्तकात तिच्या वाट्याला एक ओळ आली होती, माझ्या वेळी तीही नव्हती.

मी भाचीला म्हटलं डीएनएची झेरॉक्स निघते. चुकलंच माझं. झेरॉक्समध्ये मूळ कागद आख्खा बाजूला राहतो. इथे दोन धागे सुटतात आणि प्रत्येकासमोर नवा धागा बांधला जातो, म्हणजे दोन्ही प्रतींत अर्धं जुनं अर्धं नवं. मेसेलसन आणि स्टाल यांनी १९५८ मध्ये जिवाणूंना जड नायट्रोजनवर वाढवून मग हलक्यावर सोडलं, एका पिढीनंतर डीएनए ना जड ना हलका, बरोब्बर मधला. इतका स्वच्छ प्रयोग, वाचूनच बरं वाटतं.

सूत्री विभाजन (साधी पेशी एकाची दोन होते ते) आणि अर्धगुणसूत्री विभाजन (बीजपेशी तयार होतात ते) यांच्यातला फरक हा तर परीक्षेचा कायमचा पाहुणा. पहिल्यात एकदा नक्कल, एकदा वाटणी. दुसऱ्यात एकदा नक्कल आणि दोनदा वाटणी, म्हणून निम्मं. बाकीचा तक्ता यातूनच निघतो. निव्वळ गुणसूत्रांच्या (डीएनएच्या गुंडाळलेल्या तुकड्यांच्या) २३ जोड्यांतली कुठली बाजू कोणाला जाते एवढंच धरलं तरी ८३,८८,६०८ प्रकार होतात, तुकड्यांची अदलाबदल वेगळीच. बाय द वे, माणसाची गुणसूत्रं ४६ हे १९५६ ला नीट मोजलं गेलं, त्याआधी तीस वर्षांहून जास्त काळ सगळे ४८ समजत होते. मोजायची गोष्ट, तीही चुकली, मग आपल्या बुडबुड्यांचं काय घेऊन बसलात!

आणि शाळेत जीभ गोल दुमडता येणाऱ्यांची गणती करतात ना, प्रभावी जनुक वगैरे? ते इतकं सरळ नाही. एकसारख्या जुळ्यांमध्येही एकाला येतं आणि दुसऱ्याला येत नाही असं सापडलंय. आमच्या वर्गात एक मुलगी घरी कोणालाच जमत नाही म्हणून बिचारी काळजीत पडली होती.

आता मेंडेल. आठ वर्षं वाटाणे, सुमारे २८,००० रोपं. गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या प्रयोगात दुसऱ्या पिढीत ७३२४ दाणे मोजले, ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले, म्हणजे २.९६ ला १. हे १८६६ ला छापलं, कोणी फारसं लक्ष दिलं नाही, १८८४ ला तो गेला, १९०० मध्ये लोकांना परत सापडलं. एवढं पुस्तकात असतंच. आम्ही चौकटी काढल्या, मोठा आर म्हणजे गोल, छोटा आर म्हणजे सुरकुतलेला, ३:१, झालं. भाचीने सहज विचारलं, "पण तो सुरकुततो कशामुळे?"

मला माहीत नव्हतं. सुरकुतलेला तो सुरकुतलेला, अप्रभावी आहे म्हणून, असंच शिकलो आपण. शोधलं तर सापडलं की १९९० मध्ये त्या जनुकाचा पत्ता लागला. ते जनुक एक विकर बनवतं, एन्झाइम, जे स्टार्चला फांद्या फोडतं. सुरकुतलेल्या वाटाण्यात त्या जनुकाच्या मध्येच सुमारे ८०० अक्षरांचा एक परका तुकडा घुसलेला आहे, म्हणजे पुस्तकाच्या पानात भलताच परिच्छेद शिवला गेल्यासारखा, आणि पुढे त्याचीच नक्कल होत राहिली. विकर चालत नाही, स्टार्च कमी होतो, साखर तशीच साठते. आणि साखर साठली की काय होणार? भाची ओरडलीच, "पाणी आत येणार!" बरोबर. कोवळा दाणा जास्त पाणी ओढून फुगतो, साल ताणली जाते, आणि वाळताना पाणी निघून गेलं की ती ढिली पडलेली साल सुरकुतते.

म्हणजे मेंडेल वर्षानुवर्षं जे मोजत होता ते परासरण होतं. आमचा कांद्याचा पापुद्राच होता तो! दोन रकाने, एक अर्ध्या पुस्तकाएवढा, दुसरा उरलेल्या अर्ध्याएवढा, आणि ते एका वाटाण्यात येऊन भेटले. मी अक्षरशः उठून खोलीत एक फेरी मारली. धडा तिसरा आणि धडा बारावा यांची शाळेत कधी ओळखच करून दिली नव्हती कोणी.

उत्क्रांती मग फार जड गेली नाही. नकला होतात, त्यात चुका होतात (प्रत्येक मूल आईवडिलांत नसलेले साधारण ६०-७० बदल घेऊन येतं, बहुतेकांनी काही बिघडत नाही), आणि ज्या नकला टिकतात त्यांच्याच पुढे नकला होतात. डार्विनने १८५९ ला पुस्तक काढलं तेव्हा जनुक म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, तरी गाडी बरोबर रस्त्यावर होती. भाचीला जिराफाची गोष्ट आवडली. मेंदूपासून स्वरयंत्राकडे जाणारी एक नस आधी छातीत उतरते, हृदयाजवळच्या धमनीला वळसा घालते आणि परत मान चढून वर येते, पोचायचंय हातभर अंतरावर आणि प्रवास चार-साडेचार मीटरचा. मान लांबत गेली आणि जुनी वाट मोडून नवी आखायची सोय नव्हती.

वर्गीकरणाबद्दल मी काही लिहिणार नाही, तो भाग मला अजूनही कंटाळवाणा वाटतो. अन्नसाखळीही आमच्या रकान्यांत नीट बसली नाही. दर पायरीला साधारण दहा टक्केच ऊर्जा पुढे जाते, गवतात १०,००० तर किड्यात १,०००, बेडकात १००, सापात १०, म्हणून साखळी लांबत नाही, हे छान आहे, पण ते दारही नाही आणि नक्कलही नाही. ओढूनताणून बसवायचं नाही असं ठरवलं आणि तिला वेगळं पान दिलं.

परवा शेवटचा धडा झाला. व्हायरसचा. भाची पेन्सिल घेऊन बराच वेळ दोन्ही रकान्यांकडे बघत बसली. व्हायरसकडे माल घ्यायला-सोडायला स्वतःचं दार नाही, पेशीच्या दारावर बनावट ओळख दाखवून तो आत शिरतो. नक्कल करायची पूर्ण यंत्रणाही स्वतःची नाही, पेशीचीच वापरावी लागते. आणि तरीही तो काम काय करतो तर दार उघडणं आणि नक्कल करणं, एवढंच. तिने आधी पहिल्या रकान्यात लिहिलं, खोडलं. मग दुसऱ्यात लिहिलं, तेही खोडलं. शेवटी दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवरच लिहिलं, अगदी बारीक अक्षरात, आणि वही मिटून झोपायला गेली.